रणपिसे भाऊजींची बारा अंकी संख्या

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला. त्यातला काही अजून नातवंडांपासून लपवून ठेवलाय. पण शेजाऱ्याच्या गणिताचं उत्तर त्याच्याच घरात जाऊन ओरडून सांगितलं, त्याची सर कशालाच नाही. तेव्हा मी साठीची. नुकताच कॉम्प्युटरचा क्लास केलेला, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून फ्रिजवर ठेवलेलं. फ्रिजवर! यावरून काय ते ओळखा.

शेजारी म्हणजे रणपिसे भाऊजी. चारकोपला आमची बैठी घरं, मध्ये एकच भिंत. आमच्या गल्लीतल्या एक्क्याण्णव नंबरच्या घरापाशी भाऊजी हटकून थांबत आणि दारावरच्या आकड्याकडे बघून हळूच म्हणत, "एकटी वाटते ना? पण आत दोघं आहेत. सात आणि तेरा." त्या घरात मानेबाई खरोखरच एकट्या राहत. त्यांनी महिनाभर भाऊजींशी अबोला धरला.

त्यांना हा नाद लावला बायकोनेच. कुसुम पार्ल्याच्या शाळेत गणित शिकवायची. भाऊजी निवृत्त झाले त्या दिवशी तिने दोन मोठ्या मूळ संख्या मनात धरल्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कुणाकडूनच भागल्या न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार कागदावर लिहून तिने यांच्या हातात दिला. बारा अंकी! "आत कोण दोघं आहेत ते शोधा. माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको."

झालं. "वहिनी, शेवटी सात आहे, म्हणजे दोन आणि पाच गेले. अंकांची बेरीज त्रेपन्न, म्हणजे तीनही गेला." मी भाजी निवडता निवडता "अरेरे" म्हणायची.

पुढे कुसुमला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, तोही शाळेतला. सकाळी तिला सांभाळायला बाई आली की भाऊजी आरेची बस धरत. आयुष्यभराची नोकरी तिथल्याच दुधाच्या कॉलनीत झालेली. गोठ्यांजवळ झाडाखाली वही उघडून बसत. पानांतून ऊन हलायचं, तसे वहीतले आकडेही हलतात म्हणे. "म्हशी रवंथ करतात, मी भागाकार करतो. घाई कुणालाच नाही." संध्याकाळी ते कुसुमच्या पलंगाशी शाळेतल्या पोरासारखे हात बांधून उभे राहत. "बाई, आजही नाही आलं." की भिंतीपलीकडून मला ऐकू येई, ठणठणीत: "ढ!" आणि मग दोघांचं हसणं.

मला आली दया. आमच्यासारखी कॉम्प्युटरवाली शेजारीण असताना बिचाऱ्याने पेन्सिली का झिजवाव्यात? एका संध्याकाळी, ऐकून ऐकून पाठ झालेली ती संख्या मशीनला घातली. चहाला उकळी यायच्या आत उत्तर! दोन सहा अंकी संख्या, आमच्या घरांसारख्या अगदी शेजारशेजारच्या. तशीच अनवाणी धावले. भाऊजी पलंगाशी उभेच होते.

"भाऊजी, सापडलं!" म्हणत दोन्ही संख्या मी खणखणीत वाचल्या.

कुसुमने तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊजींनी वहीत काहीतरी गुणल्यासारखं केलं.

"नाही हो वहिनी. चुकलं. शेवटी सात येतच नाही."

"अहो, पण कॉम्प्युटरने..."

"चुकलं म्हटलं ना!"

कुसुमने हळूहळू मान वळवली. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ढ!"

आणि इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं.

मी खाली मान घालून निघाले. आमच्या ओट्यावर पोचेपर्यंत बोटांवर हिशोब केला. एकीच्या शेवटी नऊ, दुसरीच्या शेवटी तीन. नऊ त्रिक सत्तावीस. सात येतात की! तावातावाने परत फिरले, तर भाऊजी दारातच उभे. त्यांनी दार मागे हलकेच ओढून घेतलं.

"उत्तर बरोबर आहे तुमचं, वहिनी. मला कधीच सापडलंय ते, आणि तिलाही हे माहीत आहे. पण तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरलाय हो. तो रोज ऐकायचा, तर मला ढच राहायला हवं."