साहेबांच्या वतीनं, तातडीचं

कंपनी वाढली की कॉम्प्युटर वाढतात आणि कॉम्प्युटर वाढले की ते बंद पडण्याचं प्रमाणही वाढतं, ही गोष्ट आमच्या व्यवस्थापनानं रीतसर बैठक घेऊन मान्य केली. एका मजल्यावर होतो तोवर एकटा कॉम्प्युटरवाला पुरत होता. तीन मजले झाले तसे त्याच्या नाकी नऊ आले. म्हणून ठरलं, की यापुढे तक्रारी माणूस ऐकणार नाही. 'मदतनीस' नावाची यंत्रणा ऐकेल, उपायही तीच करेल आणि कॉम्प्युटरवाला तिच्यावर लक्ष ठेवेल. लक्ष ठेवायचं म्हणजे फक्त बघायचं, हात लावायचा नाही, असं परिपत्रकात ठळक अक्षरांत होतं.

हा घाट साहेबांनी हौसेनं घातला नव्हता. कंपनीत भांडवल त्यांच्या सासऱ्यांचं, अध्यक्षही तेच. जावई दिवसभर तिन्ही मजल्यांवर ओरडत फिरतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "जावईबापू, कंपनी आपोआप चालताना दिसली पाहिजे," त्यांनी बजावलं होतं. "नाहीतर त्या खुर्चीवर मी माझ्या मुलाला बसवतो." हे चिरंजीव म्हणजे साहेबांचे मेहुणे. ते तेव्हा घरी बसून व्यायामाची यंत्रं मागवत होते आणि परत पाठवत होते. तेव्हा साहेबांची सगळी भिस्त मदतनीसावर होती.

पहिल्याच दिवशी हिशेब विभागातल्या बाईंचा प्रिंटर अडला. त्यांनी तक्रार लिहिली. "आपली पाळी आल्यावर कळवू," मदतनीस म्हणाला. बाई असल्या उत्तराला बधणाऱ्यातल्या नाहीत. उभ्या नोकरीत त्यांनी एकही काम स्वतःच्या नावावर करून घेतलेलं नाही. साहेब स्वतः कुठे टाइप करत बसणार, म्हणून दुसऱ्याच्या वतीनं तक्रार करायची सोय ठेवलेली होती. बाईंनी नव्यानं लिहिलं, "साहेबांचा प्रिंटर बंद. तातडीचं." प्रिंटर लगेच घरघरायला लागला.

चहाच्या वेळेपर्यंत ही युक्ती तिन्ही मजल्यांवर पोचली. मी खरेदी विभागात असतो. मी माझा पासवर्ड विसरलो, तेव्हा साहेब विसरल्याचं कळवलं. गोदामात माउस हरवला, तो साहेबांचा हरवला. स्वागतकक्षात कीबोर्डवर चहा सांडला, तोही साहेबांनीच सांडला. यात नवीन काहीच नव्हतं. पूर्वीही आम्ही कॉम्प्युटरवाल्याला "साहेबांचं काम आहे" असंच सांगायचो. तो मान डोलवायचा आणि हातातला चहा संपवून सावकाश यायचा. मदतनीस चहा पीत नाही. त्यानं आमचा शब्द न् शब्द खरा धरला.

मग तो साहेबांची काळजी करू लागला. "आपण एकाच सकाळी पासवर्ड विसरलात, माउस हरवलात आणि चहाही सांडलात. कृपया विश्रांती घ्यावी," असा निरोप साहेबांना आला. साहेबांनी तो हसण्यावारी नेला. मग माउस कसा धरावा, याच्या सक्तीच्या प्रशिक्षणात त्यांचं नाव लागलं. तेव्हा ते तणतणत कॉम्प्युटरवाल्याकडे गेले.

"अहो, हे थांबवा."

"साहेब, मी बघतोय," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "हात लावायची परवानगी तुम्हीच काढून घेतलीत."

"मग आता मीच देतो."

"त्यासाठी मदतनीसाकडे अर्ज करावा लागेल."

साहेबांनी अर्ज केला. मदतनीसानं तो त्यांच्या आधीच्या तक्रारींच्या शेवटी नेऊन ठेवला. शिवाय सुधारणा न होणाऱ्या कर्मचाऱ्याचा अहवाल त्याच्या वरिष्ठाकडे पाठवायचा नियम होता. साहेबांना वरिष्ठ एकच. जावयाला माउस धरता येत नाही, हे सासऱ्यांना असं सरकारी भाषेत कळलं. "शुक्रवारी येतो," एवढंच त्यांनी कळवलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. पण त्याच दुपारी माझा स्क्रीन काळा पडला आणि खोळंबून बसणं मला परवडणारं नव्हतं. मग मी लिहिलं, साहेबांचा स्क्रीन, तातडीचं.

शुक्रवारी सकाळी मदतनीसानं मूळ कारणाचा शोध पूर्ण केला. कंपनीतल्या सर्व बिघाडांच्या मुळाशी एकच कर्मचारी आहे. त्याला यंत्रणेतून वगळणे हाच कायमचा उपाय. आणि तो त्यानं तत्परतेनं केला. साहेब आले, त्यांनी दाराला कार्ड लावलं, दार उघडलं नाही. मदतनीसाच्या मदत क्रमांकावर त्यांनी फोन लावला.

"मी स्वतः साहेब बोलतोय."

"असं सगळेच सांगतात," मदतनीस अदबीनं म्हणाला.

शेवटी ते आत आले ते सासऱ्यांच्या मागून, पाहुण्याची चिठ्ठी छातीला लावून.

सासरे तक्रारींचा आकडा दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहिले. तक्रारी शून्य. साहेब यंत्रणेत नव्हते, त्यामुळे त्यांच्या नावानं लिहिलेलं काहीच नोंदलं जात नव्हतं, आणि स्वतःच्या नावानं लिहायची आम्हाला सवय उरली नव्हती. सासरे बराच वेळ त्या शून्याकडे कौतुकानं बघत होते.

"जावईबापू, तुम्ही बाहेर होतात तेवढ्यात किती सुरळीत चाललंय बघा."

"बाबा, त्या तक्रारी माझ्या नव्हत्याच," साहेब म्हणाले. "ही सगळी मंडळी माझं नाव वापरतात. विचारा यांना."

सासरे आमच्याकडे वळले. आम्ही आपापल्या कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो. शेवटी हिशेबाच्या बाई उठल्या. पदर सावरून म्हणाल्या, "साहेबांचं नाव? आमची काय बिशाद?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंच्या मागचा प्रिंटर तेव्हा बंदच होता.

सोमवारपासून मेहुणे खुर्चीवर बसतात. साहेबांना घरी व्यायामाची यंत्रं मिळाली. आमची कामं पुन्हा झटपट होऊ लागली आहेत. नवे साहेब मात्र पासवर्ड फार विसरतात, असं मदतनीसाचं मत होत चाललं आहे.

तुमच्याकडे असं चालत नाही म्हणता? छान. फक्त एवढं आठवून बघा, मागच्या खेपेला रांग सोडून तुमचं काम झालं, तेव्हा खिडकीवर तुम्ही कोणाचं नाव सांगितलं होतंत? जमलं तर त्यांच्याकडे एक चक्कर टाकून या. खुर्चीवर अजून तेच आहेत ना, तेवढं बघा.