एकटीला एकटं सोडायचं नाही

दिनानाथच्या मोबाइलवर बुकिंग आलं आणि दिवेआगरच्या त्या वाडीत नुसती धांदल उडाली. वादळाने सुपाऱ्या आडव्या केल्यापासून सगळं घर पर्यटकांसाठी बांधलेल्या नव्या खोलीच्या आशेवर होतं. पहिल्याच पाहुणीने चार बरे शब्द लिहिले तरच पुढची माणसं येणार होती.

"मुंबईच्या क्रांती मॅडम. 'आय वाँट टू बी अलोन' म्हणतायत," दिनानाथने मोठ्याने वाचलं.

"म्हंजे?" त्याच्या बायकोने, गोदूने विचारलं.

"लोनली हाय बिचारी!"

"बाबा, अलोन वेगळं नि लोनली वेगळं," कॉलेजात जाणारी हेमाली ओरडली. "अलोन म्हणजे एकटं असणं. लोनली म्हणजे एकटं वाटणं. त्यांना शांतता हवीय!"

"एकटं असल्यावर एकटं वाटणारच ना गो!" गोदूने निकाल दिला. पाहुण्याला एकट्याने जेवू दिलं, तर तिला आळीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

मॅडम आल्या आणि पुस्तक घेऊन झोपाळ्यावर बसल्या. गोदू लगेच आमसुलं निवडायला शेजारी येऊन टेकली. मॅडम उठून समुद्रावर गेल्या, तर मागोमाग शेजारची ठमाबाई. ती धापा टाकत परतली.

"गोदू, पोर पाण्याकडं टक लावून बसलीय. लक्षण बरं न्हाय!"

झालं! जेवायला आळीतल्या सात बायका आपापली ताटं घेऊन हजर झाल्या. दुपारी मॅडमनी आतून कडी लावली. मग तर काय! भजनी मंडळ दारातच बसलं. गोदू मधूनमधून हाक मारत होती, "मॅडम, आमी हाव हितं, भिऊ नका!" दिवेलागणीला ठमाबाई गोधडी घेऊन सोबतीला आली.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाल्या. मुक्काम अजून एक दिवस बाकी होता.

"आता काय लिहितायत बघा," हेमाली रडकुंडीला आली. दिनानाथ सारखा मोबाइल उघडून बघत होता.

संध्याकाळी मोबाइल वाजला. दिनानाथने तो हेमालीच्या हातात दिला आणि तिने वाचलं.

"घरी पोचले. अखेर अलोन आहे. तासाभरातच लोनली झाले. शनिवारी खोली ठेवा. ठमाबाईंना गोधडी आणायला सांगा."

दिनानाथने आनंदाने उडीच मारली. हेमाली काही बोलणार, तोच गोदू म्हणाली,

"तुझं इंग्लिश राहू दे गो. आधी ठमाबाईला हाक मार!"