बेल वाजवायची नाही

दोकछिलने ड्रिल भिंतीतून बाहेर ओढलं आणि भिंत सापासारखी फुसफुसायला लागली.

त्याची बायको मालसून बहिणीकडे किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला गेली होती, ती संध्याकाळच्या बसने परतणार होती. तोवर स्वयंपाकघरात तिच्या मसाल्यांच्या बरण्यांसाठी लांबलचक फळी ठोकून तिला चकित करायचं, असा त्याचा बेत होता. "सुतार बोलवा हो," असं ती केव्हापासून म्हणत होती. "भिंतीला चार भोकं पाडायला सुतार कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. तीन भोकं झकास पडली. चौथं गॅसच्या नळीत गेलं.

आधी त्याला वाटलं, पोकळ भिंतीतली हवा असेल. मग वास आला. त्याने शेगडीजवळचा पिवळा कॉक बंद केला. भिंतीला त्याचं काहीच नव्हतं, कारण भोक कॉकच्या अलीकडे, सिलिंडरकडून येणाऱ्या नळीत पडलं होतं. सवयीने हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थिजला. एक ठिणगी पडली की संपलं! ड्रिलचा प्लगही त्याने तसाच राहू दिला. खिडक्या सताड उघडल्या, आणि खिशातल्या फोनला "वाजू नकोस रे बाबा" अशी विनवणी करत तो अनवाणीच जिन्यात आला.

गॅसचे सिलिंडर इमारतीमागे जाळीच्या पिंजऱ्यात होते. पिंजऱ्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली खालच्या मजल्यावरच्या सोकजूच्या आईकडे. सोकजूची आई त्याच्याशी बोलत नव्हती. वरून धाडधाड आवाज येतात, या एका विषयावरून दोघांचं वाजलं होतं. आज सकाळीही ड्रिल सुरू झाल्यावर तिने खालून छत ठोकलं होतं आणि याने वरून पाय आपटून उत्तर दिलं होतं. आता हा सिलिंडरचा गॅस, हवेहून जड. तो पाण्यासारखा खाली उतरणार, सिंकच्या पाइपाजवळच्या फटीतून नेमका तिच्याच स्वयंपाकघरात. तिथे तर बहुतेक स्वयंपाक चढायच्या बेतात होता.

तिच्या दाराशी पोचल्यावर बोट बेलवर जाता जाता त्याने मागे ओढलं. बेलही विजेचीच की! तो दोन्ही हातांनी दार बडवू लागला.

"कोण बडवतंय?" आतून आवाज आला.

"मी! वरचा!"

"बेल आहे तिथे. माणसासारखी बेल वाजवा."

"बेल वाजवायची नाही!"

"का? हात मोडला का? भोकं पाडायला तर बरा चालतो."

"सोकजूची आई, गॅसची नळी फुटलीये! शेगडी पेटवू नका!"

"अगंबाई! पोराचा वाढदिवस आहे आज, त्याच्यासाठी वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप करतेय. आता मी शेगडी कधी पेटवायची, तेपण वरूनच ठरणार का?"

"आग लागेल हो!"

"लागू दे तुमच्या त्या ड्रिलला!"

आत शेगडीवर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. गॅस म्हणून झालं, आग म्हणून झालं. आता काय म्हणायचं राहिलं होतं? एकच गोष्ट, जी त्याने या दाराशी कधीही म्हटली नव्हती.

"चुकलं माझं!" तो दाराला तोंड लावून ओरडला.

आतली पावलं दाराशी आली.

"काय म्हणालात?"

"चुकलं! दाणदाण चालतो ते चुकलं, खुर्ची फरफटतो ते चुकलं, सकाळी पाय मुद्दाम आपटला तेही चुकलं!"

कडी निघाली. दार उघडलं. हातात डाव घेऊन सोकजूची आई उभी होती. "परत एकदा म्हणा," ती म्हणाली. तेवढ्यात मागून तिच्या नाकात वास शिरला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"देवा! हे खरंच..."

"दिवा लावू नका!"

"कळतं मला!" खिळ्यावरची किल्ली ओढून ती त्याच्याही पुढे जिना उतरली. उतरता उतरता तिने जी हाक घातली, "बाहेर या सगळे! काही लावू नका, काही बंद करू नका!", ती ऐकून तिसऱ्या मजल्यावरचा माणूस अर्धेच केस रंगवलेल्या अवस्थेत रस्त्यावर आला. त्या आवाजाचा दोकछिलला आजवर नुसता संताप यायचा. आज पहिल्यांदाच तो गोड वाटला.

त्याने पिंजऱ्यात शिरून सिलिंडर बंद केले, आणि पार कोपऱ्यावरच्या माशाच्या दुकानापाशी गेल्यावर मगच फोन काढला. अग्निशमनची गाडी आली, पाठोपाठ गॅसवालेही आले. बसमधून उतरलेल्या मालसूनला आधी बंब दिसला, मग अनवाणी नवरा.

"अहो, काय केलंत?"

"फळी," तो म्हणाला.

"ओरडू नकोस गं त्यांना," सोकजूची आई मध्ये पडली. "मी काडी लावणारच होते. अन् माफी तर अशी मागितली यांनी, सगळ्या गल्लीने ऐकली."

गॅसवाल्यांनी यंत्र घेऊन खोली न खोली हुंगून काढली. गॅस पुरता निघून गेला होता. नवी नळी बसेपर्यंत वरच्या घराचा गॅस बंद, बाकीच्यांनी खुशाल स्वयंपाक करावा, असं सांगून ते गेले.

"आज आपल्याकडे चूल नाही," मालसून म्हणाली. "माफी मागितलीत तिथेच जेवा. मी भिंतीचा पडलेला सगळा चुना झाडून येते." आणि ती तरातरा जिना चढून गेली.

सोकजूची मासेमारीची बोट उशिरा येणार होती, म्हणून त्याच्या वाढदिवसाच्या सुपाचा पहिला वाडगा दोकछिलपुढे आला. त्याने चमचा तोंडाशी नेला आणि डोक्यावर दाण दाण दाण झालं. टांगलेला दिवा हलला.

"काय पडलं वर?" तो दचकून म्हणाला.

"काही नाही पडलं. मालसून चालतेय."

मग काहीतरी फरफटत गेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दातांतून सुरी ओढावी तसा तो आवाज. दोकछिलने चमचा खाली ठेवला. मान वर करून छताकडे पाहिलं.

"रोज एवढं असतं?" त्याने हळूच विचारलं.

"छे हो," सोकजूची आई त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढत म्हणाली, "आज निम्मंच आहे. उरलेलं निम्मं इथे जेवतंय."