पाव व्होल्टाची घाई

"अजून नऊ तास दाखवतोय," बायको संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "आणि वाचनालयाची मंडळी येणार पाच वाजता. काय करू? त्यांना अर्धंच वाचनालय दाखवू? जिना चढा, पुढे अंधार?"

दंतवैद्य नवरा गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला. बायको इमारतींच्या आतली सजावट करायची, आणि मुलांचं हे नवं वाचनालय म्हणजे तिला मिळू घातलेलं आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. कपाटांमधून घसरगुंडी, गुहेसारखे वाचनाचे कोपरे, छताला टांगलेली लोळायची जाळी. या सगळ्यातून फिरून आल्यासारखं वाटावं असं चित्रण तिने संगणकावर रचलं होतं. आता संगणक त्यातलं एकेक चित्र रंगवून बाहेर काढत होता, पण गोगलगायीनेही मागे वळून "येतोस ना रे?" असं विचारावं, अशा वेगाने.

"प्रोसेसर पळवू या," नवरा म्हणाला.

"कुठे?"

"अगं, त्याचा वेग वाढवायचा! ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. कंपनी थोडी ताकद नेहमी राखून ठेवते. आणि हा संगणक मीच जोडलाय, त्याची नाडी मला ठाऊक आहे."

तो त्याने लग्नाच्या वाढदिवसाला सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जोडला होता, आणि ही गोष्ट आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निदान दोनदा सांगितली होती.

त्याने वेग वाढवला. पडदा निळा झाला आणि संगणक बंद पडला.

"वेग वाढला की भूकही वाढते," नवरा न डगमगता म्हणाला. "व्होल्टेज वाढवायला हवं." इंटरनेटवर कुणीतरी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एकदम वाढवू नका, अगदी थोडंथोडं वाढवा आणि तापमानावर नजर ठेवा.' त्याने ते वाचलं, पटल्यासारखी मान डोलावली आणि सव्वा व्होल्टचा थेट दीड करून टाकला.

"एवढं एकदम?"

"पाव व्होल्टाने काय होतंय? भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलमध्येही दीड असतो!"

संगणक सुरू झाला. आतला पंखा असा काही घोंगावू लागला की सासूबाई स्वयंपाकघरात धावल्या आणि मिक्सर बंदच आहे हे पाहून परत आल्या. तापमान नव्वदच्या पुढे गेलं, शंभराला टेकलं. बायकोने उरलेला वेळ बघितला.

"अरे, नऊचे अकरा तास झाले!"

"तो... म्हणजे... फार तापला की जीव वाचवायला आपणहून हळू होतो."

"म्हणजे पळवायला गेलास आणि त्याने बसकण मारली."

"एवढा ताप आलाय तर कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवू का?" सासूबाई खरोखरच घडी पिळत आल्या होत्या.

"आई! पाणी लांब ठेव!" नवरा ओरडला.

बायको म्हणाली, होतं तसं करून ठेव. पण नवऱ्याचा आता हट्टाचा प्रश्न झाला होता. "त्याला फक्त गारवा हवाय," असं म्हणत त्याने संगणक उचलला आणि तळमजल्यावरच्या आपल्या दवाखान्यात नेला. मागून बायको पडदा घेऊन, तिच्या मागून सासूबाई वायरी सांभाळत, अशी वरात खाली उतरली. एसी सोळावर गेला. कडेची पत्र्याची झडप काढून संगणक रुग्णाच्या खुर्चीशेजारी विराजमान झाला.

खुर्चीत गाण्याचे मास्तर दाढ धरून बसले होते. डॉक्टरांनी हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं. तोवर खोली अशी गारठली की मास्तरांचे दात द्रुत लयीत वाजू लागले.

"आ करा मास्तर."

मास्तरांनी आ केला. थंडीने जबडा मिटला तेव्हा डॉक्टरांचं बोट आतच होतं.

"आई गं!" नेहमी रुग्णांच्या तोंडून ऐकू येणारं वाक्य आज डॉक्टरांच्या तोंडून निघालं. तापमान अजूनही शंभरच होतं.

डॉक्टर बोट झटकत असताना मास्तर एकाएकी हातवारे करू लागले. "ह्लॅह्टिक!" ते ओरडले. "ह्लॅह्टिक!"

"दुखतंय का?"

मास्तरांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि उघड्या संगणकाकडे बोट केलं. खुर्चीवरच्या दिव्याचा झोत तिरपा होऊन नेमका आत पडला होता. बायको वाकली. "अरे, इथे काहीतरी चमकतंय."

डॉक्टरांनी दाढा तपासायचा चिमुकला आरसा आत घातला. प्रोसेसरवर बसवलेल्या थंडाव्याच्या धातूच्या ठोकळ्याखालून पारदर्शक प्लॅस्टिकचं टोक डोकावत होतं. संगणक बंद करून त्यांनी ठोकळा सोडवला. खाली अख्खा पापुद्रा, जोडल्या दिवसापासून जसाच्या तसा. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं.

"'बसवण्यापूर्वी'," बायकोने मोठ्याने वाचलं, "'हे आवरण काढा.'"

मग बायको जी हसत सुटली, ती भिंत धरून खाली बसली. सासूबाईंनाही हसू आवरेना. "म्हणजे याने बिचाऱ्याला एवढे दिवस रेनकोट घालून उन्हात पळवलं की!" मास्तर एकाच गालाने हसत होते.

कान लाल झालेल्या डॉक्टरांनी पापुद्रा सोलला, सुट्या भागांच्या डब्यात उरलेलं उष्णता वाहून नेणारं मलम लावलं, ठोकळा बसवला आणि वेग आणि व्होल्टेज दोन्ही मुकाट्याने मूळ जागी आणले. तापमान पासष्टला स्थिरावलं. नऊ तासांचे तीन झाले. मास्तरांची दाढही त्याच बैठकीत निघाली.

पाच वाजता वाचनालयाच्या अध्यक्षबाईंनी चित्रण पाहिलं. घसरगुंडी आली तशी त्यांनी टाळीच वाजवली, आणि "मोठ्यांनी घसरलं तर चालेल ना?" असं विचारून काम देऊन टाकलं.

मंडळी गेल्यावर नवरा हुश्श करून आडवा झाला. थोड्या वेळाने बघतो तर बायको संगणकापुढे पुढे झुकून बसलेली.

"पासष्टच अंश," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे अजून बरीच जागा आहे की."

"अगं, काम मिळालं, चित्रण झालं. आता वेग हवाय कशाला?"

"उगीच. किती पळतो ते कळायला नको?" तिचे डोळे लकाकत होते. "पाव नाही रे, पावाचाही पाव."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. मग हळूच खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला.

"त्याच्याही निम्मा," तो म्हणाला, "आणि माऊस माझ्याकडे."