एकदाच विचारलं

प्रोफेसर टेडेस्कोबाईंचा न्यूयॉर्कहून फोन आला तेव्हा सिग्ने ब्राटलंड वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी खिळे तोलत होती.

"तुझा प्रबंध वाचला," बाईंनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "दलदलीवर इतक्या प्रेमानं लिहिणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याकडे पीएच.डी.ची एक जागा आहे. येतेस?"

गेली दोन वर्षं सिग्ने या बाईंचे लेख उशाशी घेऊन झोपत होती. मागच्या मोसमात तर त्यांचं पुस्तक दलदलीत पडलं म्हणून तिनं गुडघाभर चिखलात उडी घेतली होती. पण आनंदानं पटकन "हो" म्हणाली असती, तर ती नॉर्डाल गावची मुलगी कसली!

"अय्या, छे छे," ती लाजून म्हणाली. "माझ्यासाठी कशाला एवढा त्रास! तुम्हाला दुसरं कुणीतरी चांगलं मिळेल की."

"बरं. स्पष्ट सांगितलंस ते आवडलं मला. शुभेच्छा!" बाईंनी फोन ठेवला.

सिग्ने फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. खिळे दीडपट तोलले गेले. गिऱ्हाईकही नॉर्डालचंच, त्यामुळे ते काही बोललं नाही.

नॉर्डालमध्ये एकदा विचारणं ही रीत असते, दुसऱ्यांदा विचारणं हा आग्रह असतो आणि तिसऱ्यांदा विचारलं की मगच ते मनापासून आहे असं धरतात. मिनेसोटा राज्यात इतरत्रही असंच असेल, पण नॉर्डाल त्यात जरा जास्तच कडक. पहिल्या विचारण्याला कॉफी घेणारा पाहुणा हावरट ठरतो. सिग्नेच्या वडिलांनी तिच्या आईला लग्नाचं तीनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या विचारण्याच्या मध्ये एक अख्खा हिवाळा गेला होता. आई आता हयात नव्हती. व्हर्लिन ब्राटलंड तेव्हापासून कमी बोलायचे, म्हणजे आधीपेक्षाही कमी.

"किती वेळा विचारलं?" आर्डिस आत्यानं संध्याकाळी स्वयंपाकघरात चौकशी केली.

"एकदाच."

"एकदाच?" आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला. "माणूस आहे की कोण! अगं, दुकानात पिशवी हवी का हेसुद्धा दोनदा विचारतात. करेल बघ परत फोन. कॉफी प्यायला उठली असेल."

"आणि नाही केला तर?"

"तर तिचं नुकसान. नाहीतरी दलदल आपल्या मागच्या शेतात आहेच की. तेवढ्यासाठी न्यूयॉर्कला कशाला तंगडतोड?" आत्यानं भावाकडे पाहिलं. "काय रे व्हर्लिन?"

"बरं," व्हर्लिन म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणायचे.

फोन काही आला नाही. पंधरा एप्रिल जवळ येत चालला. त्या दिवसापर्यंत देशभरातल्या पोरांनी कुठे शिकायला जायचं ते कळवायचं असतं. मधल्या काळात दुसराच फोन आला, दोन तासांवरच्या विद्यापीठातल्या प्रोफेसर आस्पलंड यांचा. ते बटाट्याच्या शेतातल्या मातीवर काम करत. सिग्नेला बटाटा खायला आवडे, पण पाच वर्षं त्याच्या सहवासात काढायची तिची तयारी नव्हती.

आस्पलंड मात्र आपल्यातले होते. त्यांनी आधी हवेची चौकशी केली, मग तळ्यावरचं बर्फ वितळलं का ते विचारलं, मग हळूच म्हणाले, "तू आमच्याकडे आलीस तर काही वाईट नाही होणार."

"छे छे, कशाला उगीच."

"नाही पण खरंच, विचार कर."

"तुम्हाला अडचण होईल, सर."

"अडचण कसली? ये की."

तिसऱ्यांदा विचारलं होतं! तिसऱ्या वेळेला नाही म्हणणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं. आणि घरापासून दोन तास म्हणजे बाबा एकटे पडणार नाहीत, हेही मनात आलंच. सिग्ने घुटमळली आणि म्हणाली, "बघू की, सर."

शेजारी आत्या कान टवकारून उभी होती. "तिसऱ्यांदा नाही म्हणाली नाही!" ती टाळी वाजवत म्हणाली. "म्हणजे ठरलंच!"

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी अभिनंदन केलं. सोमवारी बायकांनी तिथल्याच तळघरात बसून सिग्नेसाठी त्या विद्यापीठाच्या हिरव्या-पिवळ्या रंगांची गोधडी शिवायला घेतली. इथं कुणी मूल शिकायला निघालं की गोधडी देतात. सिग्ने कॉफी द्यायला गेली तर आठ म्हाताऱ्या चष्मे सावरून टाके घालत होत्या. त्यांतल्या एकीच्या बोटांना संधिवात होता, तरी ती सगळ्यांत बारीक टाका घालत होती. अशा माणसांना "मला तिथं जायचं नाहीये" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? सिग्नेनं दुसऱ्यांदा विचारून त्यांच्या कपांत कॉफी ओतली. पहिल्यांदा सगळ्या नको म्हणाल्या होत्या.

चौदा तारखेला तिनं मन घट्ट केलं. बटाटा तर बटाटा. तिनं आस्पलंड यांना फोन लावला.

"सर, मी येते म्हणते."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अगं बाई," आस्पलंड हळूच म्हणाले. "तू 'बघू की' म्हणालीस ना? मी त्याच दिवशी जागा दुसऱ्याला देऊन टाकली. 'बघू' म्हणजे काय हे मला कळत नाही होय? माझी आई तुमच्याच बाजूची."

"नाही, नाही, माझंच चुकलं, सर."

"छे, छे, मीच चौथ्यांदा विचारायला हवं होतं."

दोघांनी एकमेकांची इतक्यांदा माफी मागितली की शेवटी फोन कुणी ठेवायचा यावर पुन्हा आग्रह झाला.

त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात तिच्या कौतुकाचं जेवण होतं. टेबलावर रश्शात थर लावून भाजलेले बटाटे, मटारची कोशिंबीर आणि आत्याच्या लिंबाच्या वड्या. भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी ती हिरवी-पिवळी गोधडी टांगलेली. आता ती ज्या जागेसाठी शिवली होती, ती जागाच उरली नव्हती. येणारा-जाणारा सिग्नेला मिठी मारून म्हणे, "छान झालं हो," आणि ती "हो ना" म्हणे.

ताटात शेवटची एक वडी राहिली होती. शेवटची वडी कुणी उचलत नाही. पाद्रीबाबांनी येऊन तिचा अर्धा भाग कापून नेला. मग कुणीतरी त्या अर्ध्याचा अर्धा नेला. आत्या सुरी घेऊन त्या पाव तुकड्याचेही दोन करायच्या बेतात होती, तेवढ्यात व्हर्लिन उठले, त्यांनी तो तुकडा हातानं उचलला आणि सिग्नेच्या ताटलीत ठेवला. आत्यानं सुरी खाली ठेवली.

"हवाय?" ते म्हणाले.

"छे, बाबा, राहू दे, दुसऱ्या कुणाला..."

"सिग्ने. एकदाच विचारतोय. हवाय की नको?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. इतके शब्द एका दमात ते वर्षभरात बोलले नव्हते. "हवाय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"मग खा. आणि त्या दलदलवाल्या बाईंना हे असंच सांग. आत्ता, तिकडे कोट टांगतात त्या खोलीत जाऊन."

कोटांच्या गर्दीत उभं राहून, जिभेवर लिंबाची चव असताना सिग्नेनं न्यूयॉर्कला फोन लावला.

"मॅडम, मी सिग्ने ब्राटलंड. मी नको म्हणाले होते, पण मला ती जागा हवी होती. अजून हवी आहे."

"मग नको कशाला म्हणालीस?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

"एकदा विचारलं तर पुरत नाही तुम्हाला?" बाईंचा आवाज चढला. "थांब. म्हणून तुझ्यानंतर विचारलेला तो डाकोटाचा मुलगाही 'कशाला त्रास' म्हणाला की काय? दलदलीचं वेड तुम्हा उत्तरेच्याच पोरांना, आणि द्यायला गेलं की नको! मी इथं सहकाऱ्यांना सांगत सुटलेय, माझ्यातच काहीतरी खोट आहे म्हणून!"

सिग्नेला त्या मुलाची दया आली. तोही कुठल्यातरी स्वयंपाकघरात फोनकडे बघत बसला असणार. "त्याला अजून दोनदा विचारा, मॅडम," ती म्हणून गेली.

"माझ्याकडे जागा एक आहे," बाई म्हणाल्या. "ती त्याला देऊ की तुला?"

नॉर्डालच्या सगळ्या पिढ्या तिच्या जिभेवर येऊन बसल्या. त्यालाच द्या, म्हणत होत्या. सिग्नेनं समोरच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"मला," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी त्याला तीनदा विचारा."

बाई हसल्या. "ये."

ती बाहेर आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांनी दाराला कान लावून ऐकलं होतं. तिनं गोधडीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. संधिवातवाली म्हातारी पुढे झाली. "रंग थंडीला कुठे दिसतात गं," ती म्हणाली. "तिकडेही गारठाच असेल. घेऊन जा." सिग्नेनं तिला मिठी मारली, आणि एकदाही नको म्हटलं नाही.

ऑगस्टमध्ये निघायचा दिवस उजाडला. गाडीत पेट्या भरून झाल्या, गोधडी मागच्या सीटवर बसली. आत्यानं दारात चारदा निरोप घेतला आणि डोळे पुसत आत गेली. अंगणात दोघंच उरली.

व्हर्लिननी टायर लाथेनं तपासले. मग गाडीच्या टपाकडे बघत म्हणाले, "राहतेस का इथंच?"

"नको, बाबा," ती म्हणाली आणि वाट पाहत राहिली. त्यांनी आणखी दोनदा विचारलं असतं तर तिनं तिथंच पेट्या उतरवल्या असत्या. हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

व्हर्लिननी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"थर्मासात कॉफी भरून देऊ?"

एवढं मोठं काही तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. ती त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, "हो. हवीय."

"पहिल्याच खेपेला?" व्हर्लिन तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "आत्तापासूनच न्यूयॉर्कची झालीस की."