कोपर बघणारे नाना

जळगावात आमच्या शेजारी नाना राहतात. कातडीचे डॉक्टर. माणसाच्या तोंडाकडे ते बघतच नाहीत, आधी कोपर बघतात. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी नमस्कार केला, तर नानांनी त्यांचा हात धरून बाहीच वर सरकवली. "कोपराच्या आतल्या घडीत आहे, ओलसर आहे, खाज सुटते ना? इसब. बाहेरच्या बाजूला जाड, चंदेरी पापुद्रे असते, तर सोरायसिस म्हटलं असतं." मंगलाष्टकं संपली तरी मामांच्या मुठीतल्या अक्षता तशाच.

जगाचे त्यांनी दोनच भाग केलेत: लागणारं आणि न लागणारं. गजकर्ण लागणारं, कडेला लाल कडं, मध्ये साफ. "टॉवेल वेगळा ठेव!" घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ आलं, तर "पट्टा बदल, डॉक्टर बदलू नको."

गेल्या हिवाळ्यात एरंडोलकडची शोभा त्यांच्याकडे आली. कोपरांवर, गुडघ्यांवर सोरायसिस. सासूने तिला माहेरी आणून सोडलेलं. नानांनी दवाखाना बंद केला आणि थेट तिच्या सासरी निघाले. सोबत मी, कारण गाडी माझी.

सासूबाईंनी चहा दिला आणि अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं गाव म्हनस, हाऊ महारोग शे."

"अक्का, महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. हिला पीस फिरवलं तरी कळतं. हे सोरायसिस. लागत नाही."

"तुमनं काय जास सांगाले?"

नानांनी कप खाली ठेवला आणि बाह्या दुमडल्या. जळगावच्या उन्हाळ्यातही हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, ते मला तेव्हा कळलं. दोन्ही कोपरांवर लालभडक जाड चट्टे, वर चंदेरी पापुद्रे.

"बायकोबरोबर अख्खा संसार केला, अक्का. ती गेली ती हृदयविकाराने. हे तिला कधी लागलं नाही."

सासूबाईंनी नानांचा कप पदराने धरून मागे नेला. आम्ही गाडीत बसलो, तेव्हा घरामागे कप फुटल्याचा आवाज आला.

शोभाला सासरच्यांनी नेलं नाहीच. ती अजून माहेरीच आहे.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांकडे डोकावलो. दार उघडंच होतं. नाना उघड्या अंगाने पाठमोरे उभे. उलथन्याच्या टोकाला मलम लावून ते पाठीच्या मधोमध पोचवायची धडपड चालली होती. अर्धं मलम भिंतीला लागलेलं. माझी चाहूल लागताच त्यांनी घाईघाईने टॉवेल ओढून घेतला.

"द्या इकडे," मी म्हणालो.

"नको रे. किळस येईल तुला."

मी उलथनं काढून घेतलं आणि बोटांवर मलम घेतलं. पाठीला हात लागताच नाना दचकले.

"गार आहे का हात?"

नाना भिंतीकडे बघतच म्हणाले, "ही आधी तळहात चोळून गरम करायची."

मी हात मागे घेतला आणि तळवे एकमेकांवर चोळू लागलो.