समन्वय समिती आणि दुल्माचं पिल्लू

एका माणसाने केलं तर ते काम. सहा माणसांनी मिळून केलं नाही तर तो समन्वय. हे मी शाळेत शिकलो नाही, कारण शाळेत मी फारसा गेलोच नाही (घोडे राखायला होतो). हे मी शारखाद तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून शिकलो. दवाखान्याची गाडी मी चालवतो. गाडी चालू होत नाही तेव्हा बाकावर बसतो. आमच्या हिवाळ्यात गाडी फारशी चालू होत नाही, त्यामुळे शिक्षण भरपूर झालं.

तर विषय 'ब' कावीळ. आमच्या मुलखात ती फार. मोठ्या माणसाला लागली तर बहुतेक वेळा आठवडे-महिने छळून निघून जाते. पण बाळंतपणात आईच्या रक्तातून पोराला लागली की जात नाही. पोराबरोबर वाढते, पोराबरोबर घोड्यावर बसायला शिकते, आणि पोर ऐन उमेदीत आलं की त्याचं लिव्हर खायला बसते. यावर उपाय एकदम सोपा. पोर जन्मलं की एका दिवसाच्या आत मांडीत एक सुई. पुढे आणखी सुया आहेत, पण पहिलीची सर कशाला नाही.

उपाय इतका सोपा असला की वरच्या लोकांना धास्ती वाटते. कोणीही उठून करून टाकेल. म्हणून त्यांनी 'माता-ते-बालक कावीळ-ब संक्रमण प्रतिबंधक बहुखातीय समन्वय समिती' नेमली. नाव दारावर मावेना म्हणून पाटी भिंतीवर लावली. मधे खिडकी आली, तर 'प्रतिबंधक' हा शब्द काचेवर गेला. खिडकी उघडली की तो दिसत नाही.

समितीची रचना शास्त्रशुद्ध. बोळाच्या डाव्या टोकाला आईचं खातं, तिथे पुरेवताई, सुईण. उजव्या टोकाला पोराचं खातं, तिथे त्सेंदबाई. आईच्या रक्तात काय आहे ते डाव्या टोकाला माहीत. लस उजव्या टोकाची. पोर पोटात आहे तोवर ते डावीकडचं, म्हणून उजवीकडच्यांनी त्याच्यासाठी लस काढायची नाही. पोर बाहेर आलं की ते उजवीकडचं, म्हणून डावीकडच्यांनी त्याच्याबद्दल बोलायचं नाही. मधला बोळ कोणाचाच नाही. बोळात माझा बाक आहे, म्हणून मी समितीचा सभासद.

आजार मात्र अडाणी. त्याला खाती कळत नाहीत. तो आईतून निघतो तो सरळ पोरात जातो, बोळात थांबत पण नाही.

आमच्या लोकांत पोटातल्या पोराबद्दल आधी बोलत नाहीत. कपडे शिवत नाहीत, नाव काढत नाहीत. भुतं ऐकतात. हा अडाणीपणा आहे म्हणून समितीने त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. समिती शिकलेली. तीही पोटातल्या पोराबद्दल आधी काही लिहीत नाही, पण ते वरचे ऐकतात म्हणून.

त्या वर्षी पांढऱ्या महिन्यात, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणात, मी दुल्माला तिच्या गेरमधून आणायला गेलो. नमद्याचा तो गोल तंबू बर्फात निम्मा बुडलेला. दुल्माच्या रक्तात 'ब' आहे हे तिला माहीत होतं. तिच्या आईच्याही होतं. आईचं पोट फुगून ती गेली तेव्हा दुल्मा माझ्याच गाडीत मागे बसून होती.

दुल्मा आणि तिची सासू खांद आजी गाडीत बसल्या. बराच रस्ता मागे पडला. मग दुल्मा म्हणाली, "बाल्दानदादा, तुम्ही त्या समितीत आहात ना?"

"आहे की. बाकाच्या जागेवर निवडून आलोय."

"मग एवढं बघा. ते जे काही येईल ना, त्याला सुई मिळाली पाहिजे. आईचं मला आलं. माझं पुढे जायला नको."

"गप गं," आजी मागून म्हणाली. "जे काही येईल म्हणे. काही येत नाहीये. आपण नुसत्या फिरायला चाललोय." आणि भुतांना नीट ऐकू जावं म्हणून खिडकीची काच खाली करून परत म्हणाली, "फिरायला चाललोय."

योग असा, की त्याच दिवशी समितीची बैठक होती. जिल्ह्याहून अध्यक्ष संजासाहेब आले होते. थोर माणूस. आयुष्यात त्यांचा एकही निर्णय चुकला नाही, कारण त्यांनी एकही घेतला नाही. बैठक रीतीप्रमाणे सुरू झाली. आधी प्रत्येकाने प्रत्येकाला तपकिरीची बाटली दिली, हुंगली, परत केली. मग हिवाळा कसा चाललाय, मेंढ्यांच्या अंगावर चरबी आहे ना, हे विचारलं. मग खारा चहा. मग वाफेवरचे बूझ, मटण भरलेले, सणाचे. (समितीच्या वेळाचा हिशोब मी एकदा काढला होता. एक तृतीयांश तपकीर, एक तृतीयांश बूझ, आणि एक तृतीयांश मागच्या बैठकीत काय खाल्लं त्याचं इतिवृत्त.)

साहेब विषयाला आले. "नवजात बालकास पहिल्या दिवशी लस, शंभर टक्के. हे उद्दिष्ट कसं गाठायचं, यावर विचार मांडा."

एवढ्यात भिंतीपलीकडून पोर रडलं.

साहेबांच्या हातातला बूझ तोंडाशी थांबला. "हा आवाज कसला?"

"पोराचा, साहेब," मी म्हणालो.

"कोणाच्या पोराचा?"

"दुल्माच्या. तिच्या रक्तात 'ब' आहे. आपण बोलतोय ते तिचंच."

साहेबांनी बूझ खाली ठेवला. (अशी गंभीर दखल त्यांनी पूर्वी कधी घेतलेली मला आठवत नाही.) "असं ऐकीव माहितीवर चालत नाही, बाल्दान. पडताळणी करावी लागेल."

पडताळणीला साहेब स्वतः निघाले. मागे त्सेंदबाई, मागे मी. खोलीच्या दारात खांद आजी हात पसरून उभी. आत पुरेवताई दुल्माचं बघत होती, आणि दुल्माच्या कुशीत एक लाल गाठोडं, कपाळाला चुलीची काजळी फासलेलं.

"आजी, मूल झालं का?" साहेबांनी विचारलं.

आता आमच्यात नव्या पोराबद्दल कोणी विचारलं तर काय सांगायचं हे शेळ्यांनाही माहीत आहे. आजीने गाठोड्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "मूल कुठलं आलंय? कुत्र्याचं पिल्लू आहे. तेही कुरूप."

हे खोटं आहे हे भुतं सोडून सगळ्यांना कळतं. साहेबांनाही कळलं. त्यांच्या चारही नातवंडांना त्यांच्या बायकोने डुकराची पिल्लं म्हणून वाढवलंय. पण ते घरी. इथे ते अध्यक्ष होते.

"लिहा," साहेब त्सेंदबाईंना म्हणाले. "प्रत्यक्ष पाहणी केली. बालक आढळलं नाही. कुत्र्याचं पिल्लू, एक."

"साहेब," पुरेवताई आतून म्हणाली, "माझे हात अजून ओले आहेत. मी काय पिल्लू काढलं?"

"तुमचं खातं आईचं, ताई. बाहेर काय आलं ते सांगायचा अधिकार तुम्हाला नाही."

परत येऊन समितीने हिशोब केला. आज जन्मलेली बालकं, शून्य. लस द्यायची राहिलेली, शून्य. म्हणजे उद्दिष्ट शंभर टक्के. अभिनंदनाचा ठराव झाला, परत तपकीर फिरली, आणि गरम बूझांचा दुसरा घाणा आला.

मी दुल्माला सांगायला गेलो. ती रडली नाही. पोराचं टाळकं हुंगत म्हणाली, "दादा, उद्यापर्यंतच ना?"

"उद्यापर्यंतच."

"मग बसलाय काय?"

मी आणि पुरेवताई त्सेंदबाईंकडे गेलो. त्या वाईट नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्या म्हणाल्या, "इतिवृत्तात पोर नाही, मी लस कोणासाठी काढू? आणि लस माझ्याकडे आहे कुठे? फ्रिज कधीचा मेलाय. लस दामदिनकडे ठेवलीय."

दामदिन म्हणजे आमचा सरकारी पशुवैद्य. त्याचा फ्रिज कधी बंद पडत नाही. शेळी मेली तर तालुका बोंबलतो.

दामदिन घरी सणाचे पाहुणे घेऊन बसला होता. पुरेवताईने काम सांगितलं.

"पोरासाठी?" तो म्हणाला. "माझ्या फ्रिजातून पोरासाठी काही निघत नाही, ताई. शेळी आण, घोडा आण. उंट आणलास तर वर चहा पाजीन."

"अरे, लस माणसाची आहे."

"लस माणसाची, फ्रिज जनावरांचा. काढायची तर जनावराच्या नावावर. नाहीतर पुढच्या तपासणीला मला शेळीच्या जागी बांधतील."

मी दारातून म्हणालो, "पिल्लू चालेल का?"

"कसलं?"

"कुत्र्याचं. आजच झालंय. समितीच्या इतिवृत्तात आहे, अध्यक्षांच्या सहीनिशी."

दामदिन हसला नाही. सरकारी पशुवैद्य हसत नाही, नुसत्या मिशा हलतात. "इतिवृत्तात आहे म्हणजे कुत्रंच आहे," तो म्हणाला, आणि टोपी घालून उठला.

आता नेण्याचा प्रश्न. ही लस गोठली की मरते. आणि बाहेर थुंकलं तर खडा पडत होता. पण कुठल्यातरी गरम देशात बसून कोणीतरी नियम लिहिलाय, की लस बर्फाच्या पेटीतच न्यावी. नियम मोडायची आमच्यात कोणाची छाती नाही. म्हणून आम्ही पेटीत बर्फ भरला, कुलूप लावलं, आणि पेटी गाडीत मानाने पुढच्या सीटवर बसवली. लस पुरेवताईने देलच्या आत छातीशी धरली. आमच्या त्या जाड झग्यात हिवाळ्यात जन्मलेलं कोकरूही तिथेच ठेवतात. हे तालुक्यात सगळे असंच करतात, संजासाहेबही. फक्त पेटीला कोणी सांगत नाही.

दवाखान्याच्या बोळात साहेब दात कोरत उभे. "पेटी कुठे निघाली?"

"पिल्लाला टोचायला, साहेब," दामदिन म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग देलवर हात धरलेल्या पुरेवताईकडे. घटकाभर मला वाटलं, आता हा माणूस माणसासारखं काही बोलतो की काय. पण तोल सुटला नाही. "पशुखात्याच्या कामात आपली समिती पडत नाही," ते म्हणाले, आणि भिंतीला अंग चोरून वाट दिली.

दारात आजी. "कोण आलंय?"

"जनावरांचा डॉक्टर," दामदिन म्हणाला.

आजीचा चेहरा असा खुलला की बस. "या, या. मोठ्याने बोला जरा. आता भुतांना पक्कं पटेल."

दामदिनने कागद काढला. "मालकीण?"

"दुल्मा."

"रंग?"

"तांबूस," पुरेवताई म्हणाली.

"चावतं का?"

"आईला विचारा," दुल्मा म्हणाली. "अजून दात नाहीत, पण हिरड्या आहेत."

"शेपूट?"

पुरेवताईने नाळेच्या गाठीकडे बघितलं. "आत्ताच कापली."

मग तिने सुई भरली आणि तांबूस मांडीत टोचली. पिल्लू माणसासारखं बोंबललं. दुल्माने डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आजी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "भुंकतंय बघा कसं."

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण कागद वर गेला. वर कोणीतरी वाचलं, की शारखाद तालुक्यात 'ब' काविळीची लस घेतलेलं जगातलं पहिलं कुत्रं आहे. समितीला मानपत्र आलं. पुढच्या वर्षी जिल्ह्याने प्रत्येक तालुक्याला पिल्लांचं उद्दिष्ट ठरवून दिलं. बायाही शहाण्या झाल्या. कळा आल्या की दवाखान्यात यायच्या, आणि मोकळ्या झाल्या की पहिलं वाक्य, "दामदिनला बोलवा, पिल्लू झालंय." सुई त्याच दिवशी. ना बैठक, ना बूझ. उद्दिष्ट होतं तीसचं, झाली एकेचाळीस.

एकच अडचण आली. जिल्ह्यात माणसाचं पोर जन्मायचं बंद झालं. वरचे हादरले. आता संजासाहेबांच्या अध्यक्षतेखाली 'जननदर घसरण कारणमीमांसा समिती' आहे. बैठका बोळापलीकडच्या खोलीत होतात. भिंतीपलीकडे पोरं रडतात, तेव्हा साहेब खिडकी लावून घ्यायला सांगतात. कुत्र्यांमुळे विचार करता येत नाही म्हणतात.

दुल्माचा पोरगा आता शर्यतीत घोडा पळवतो. नाव मुनोखोय, म्हणजे वाईट कुत्रा, आजीने ठेवलेलं. रक्त तपासलं, स्वच्छ निघालं. दुल्मा तो दाखला गेरमध्ये देवाशेजारी ठेवते. त्यावर पशुखात्याचा शिक्का आहे.

हसा, हसा. आम्ही अडाणीच. पण एक विचारतो. तुमच्या दारातल्या कुत्र्याला सुई कधी टोचली ते तुम्हाला महिन्यानिशी माहीत असेल, कार्ड असेल, पुढची तारीख असेल. आता तुमच्या स्वतःच्या पोराचं सांगा. जन्मला त्या दिवशी ही सुई टोचली होती का? बघा आठवून. बायकोला विचारा, सासूला विचारा, दवाखान्यात फोन लावा. मी आहे बाकावर.

नाहीच आठवलं तर लाजू नका. दामदिन अजून नोकरीत आहे. फक्त येताना पोराला काय म्हणायचं ते घरून ठरवून या.